पुसलेल्या घरात पसरलेला नोरोव्हायरस: एका कुटुंबाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

मी एका रुग्णालयात संसर्ग नियंत्रणाचं काम पाहणारी परिचारिका आहे. नोरोव्हायरस हा उलट्या-जुलाब घडवणारा विषाणू. इथे ज्या घराबद्दल लिहिते आहे ते माझ्या ओळखीचं आहे आणि त्यांच्या परवानगीनेच लिहिते आहे. नावं आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. दिवसांचा क्रम मात्र घडला तसाच ठेवला आहे, कारण या प्रकरणात सगळं शिकण्यासारखं त्या क्रमातच आहे.

घरात पाच माणसं: 74 वर्षांच्या आजी, आई, बाबा, सात वर्षांचा मुलगा आणि अडीच वर्षांची मुलगी. शौचालयं दोन. आजींना रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी सुरू होती. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली.

एक गोष्ट आधीच सांगते. या घरात स्वच्छतेची हयगय कधीच नव्हती. 2020 पासून दाराशी सॅनिटायझरची बाटली, स्वयंपाकघराच्या ओट्यावर जंतुनाशक वाइप्सचा डबा आणि बाथरूमच्या फळीवर अल्कोहोलचा स्प्रे कायम असायचा. ही सवय त्यांना मीच लावली होती. कोरोनाच्या पहिल्या महिन्यांत आईचा रोज फोन यायचा आणि मी सांगायचे, "सॅनिटायझर जवळ ठेव, हाताला लागणाऱ्या जागा पुसत राहा." त्या विषाणूपुरतं ते बरोबर होतं. पण सगळे विषाणू त्या जातीचे नसतात, हे वाक्य मी तेव्हा जोडलं नव्हतं.

सोमवार रात्र ते बुधवार

सोमवारी रात्री साडेअकराच्या सुमारास मुलगा झोपेतून उठला, "आई, पोटात कसंतरी होतंय" म्हणाला आणि बाथरूमपर्यंत पोचायच्या आत खोलीच्या दारातच त्याला उलटी झाली. थोडी फरशीवर, थोडी गालिच्याच्या कडेवर, आणि शिंतोडे दाराच्या चौकटीवर गुडघ्याच्या उंचीपर्यंत उडालेले.

साफसफाई बाबांनी केली. आधी अल्कोहोलचा स्प्रे उलटीवरच मारला, मग टिश्यूने टिपून घेतलं आणि वाइप्सनी फरशी दोनदा पुसली. वाइप्सच्या डब्यावर ठळक अक्षरांत "99.9 टक्के जंतूंचा नाश" असं लिहिलेलं होतं. पाऊण तासात जागा लख्ख झाली. हात सॅनिटायझरने चोळून ते झोपायला गेले. पहाटेपर्यंत मुलाला आणखी तीन उलट्या झाल्या, पण त्या बादलीत झाल्या आणि बादली शौचालयात रिकामी झाली.

मंगळवारी मुलाला जुलाब सुरू झाले. घरात दिवसभर पुसणं चाललं होतं. कड्या, बटणं, नळ, फ्लशची कळ, रिमोट, सगळं तासातासाला वाइप्सने पुसलं गेलं. दोन्ही शौचालयांबाहेर सॅनिटायझर ठेवलं. ते हाताशी होतं म्हणून साबण मागे पडला. मुलगा शौचाहून आला की आई त्याच्या हातावर सॅनिटायझरचे दोन थेंब टाकायची.

बुधवारी पहाटे साडेपाचला आईला उलट्या सुरू झाल्या. पहिल्या उलटीपासून मोजलं तर तीस तास झाले होते. बुधवारी रात्री धाकटी मुलगी आजारी पडली. तिला उलटी झाली तेव्हा ती बाबांच्या कडेवर होती.

प्रश्न नेमका काय होता

बाबांच्या मनात एकच प्रश्न घोळत होता: इतकं पुसूनही हे पसरतंय कसं? मला वाटतं, त्याचं उत्तर मिळण्याआधीच त्यांनी स्वतःपुरतं एक उत्तर ठरवून टाकलं: आपण पुरेसं "कडक" काही वापरत नाही. अर्धं बरोबर होतं ते, आणि त्या अर्ध्यातूनच गुरुवारचा अपघात झाला.

जंतुनाशकांच्या दृष्टीने विषाणूंचे ढोबळ दोन गट पडतात. काहींच्या भोवती मेदाचं पातळ आवरण असतं. कोरोना, फ्लू, एचआयव्ही हे त्यातले. साबण, अल्कोहोल, आणि वाइप्समध्ये सहसा असणारी क्वाटर्नरी अमोनियम वर्गातली रसायनं हे आवरण सहज फोडतात आणि आवरण फुटलं की विषाणू निकामी होतो. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात 62 ते 71 टक्के इथेनॉल, 0.5 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा 0.1 टक्के सोडियम हायपोक्लोराइट यांनी कोरोना गटातले विषाणू पृष्ठभागावर एका मिनिटात निष्प्रभ होतात असं दिसलं होतं. म्हणजे त्या वेळी आपण वापरत होतो ते सगळंच चालणारं होतं.

दुसऱ्या गटात आवरण नसतंच. असतं ते प्रथिनांचं घट्ट कवच. नोरोव्हायरस, रोटाव्हायरस, पोलिओ, हेपॅटायटिस ए हे या गटातले. यांच्यात फोडायला मेदच नाही. हातांच्या सॅनिटायझरवर नोरोव्हायरसच्या बाबतीत विसंबता येत नाही, आणि घरगुती वाइप्सपैकी बऱ्याच याच्यापुढे अपुऱ्या पडतात. साबणसुद्धा नोरोव्हायरसला मारत नाही. तो चोळण्याने आणि वाहत्या पाण्याने विषाणूला हातावरून काढून टाकतो, आणि हातांसाठी तेवढं पुरतं. म्हणून मंगळवारी साबणाच्या जागी सॅनिटायझर येणं, माझ्या मते, या घरातलं सगळ्यात मोठं नुकसान होतं.

आता त्या 99.9 टक्क्यांचा हिशेब. अशा लेबलावर "जंतू" म्हणजे बहुधा चाचणीत वापरलेले ठरावीक जीवाणू असतात. तरी क्षणभर धरून चालू की आकडा नोरोव्हायरसलाही लागू होता. एका डागात दहा लाख विषाणू असतील तर 99.9 टक्के मेल्यावर एक हजार उरतात. माणूस आजारी पडायला किती लागतात? एका प्रसिद्ध अंदाजानुसार 18 कणसुद्धा पुरतात. आजारी माणसाच्या एका ग्रॅम विष्ठेत हे कण अब्जांच्या घरात असू शकतात. युरोपात जंतुनाशकाला "विषाणुनाशक" म्हणवून घेण्यासाठी जी ईएन 14476 नावाची चाचणी आहे, तीत घट किमान 99.99 टक्के मागतात. त्यातही "आवरण असलेल्या विषाणूंवर परिणामकारक" हा दावा वेगळा आणि पूर्ण विषाणुनाशक असल्याचा दावा वेगळा. या घरातल्या वाइप्सच्या डब्याच्या मागच्या बाजूला, बारीक अक्षरांत, पहिल्याच प्रकारचा दावा होता. गुरुवारी दुपारी बाबांनी तो मला फोनवर वाचून दाखवला आणि मध्येच थांबले.

स्प्रेचं आणखी एक. उलटीवर थेट फवारा मारला की त्या दाबाने बारीक तुषार उडतात, आणि त्यांतून विषाणू आजूबाजूला जाऊ शकतो. शिवाय उलटीतल्या सेंद्रिय घाणीत जंतुनाशक वाया जातं. घाण आधी उचलायची, जागा साबणाच्या पाण्याने धुवायची आणि मगच जंतुनाशक लावायचं. सोमवारी रात्री हा क्रम उलटा झाला होता.

गुरुवारची सकाळ

गुरुवारी सकाळी साडेसातला बाबांनी मुलांच्या बाथरूमचं दार आतून लावून घेतलं. कमोडमध्ये आम्लाचा टॉयलेट क्लीनर टाकला, ब्रशने घासलं आणि तो तसाच ठेवून वरून ब्लीच ओतलं. "दोन्ही मिळून काहीच शिल्लक राहणार नाही," असं त्यांना वाटलं होतं. काही सेकंदांतच तीव्र, नाकात शिरणारा वास आला आणि घसा आवळल्यासारखा झाला. ते बाहेर आले, खोकत दोन श्वास घेतले, आणि फ्लश करायला श्वास रोखून पुन्हा आत गेले.

ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचं अल्कधर्मी द्रावण. बहुतेक टॉयलेट क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. दोन्ही एकत्र आले की क्लोरिन वायू सुटतो. तो हवेपेक्षा सुमारे अडीचपट जड असल्यामुळे खाली साचतो, म्हणजे खाली वाकलेल्या माणसाच्या आणि लहान मुलाच्या नाकाच्या उंचीला. ब्लीच आणि अमोनिया असलेला क्लीनर मिसळले तर क्लोरामाइन वायू तयार होतो, तोही तितकाच वाईट. ब्लीचमध्ये फक्त साधं पाणी मिसळायचं, दुसरं काहीही नाही.

पुन्हा आत जाणं ही दुसरी चूक, आणि मी ती पहिलीपेक्षा मोठी मानते. पहिली अजाणतेपणी झाली होती. दुसऱ्या वेळी घसा स्पष्ट सांगत होता. अशा वेळी दार लावून घ्यायचं, घराच्या बाकीच्या खिडक्या उघडायच्या, सगळ्यांना त्या भागातून हलवायचं आणि वास पूर्ण जाईपर्यंत आत पाऊल टाकायचं नाही. कमोड आहे तसाच राहू द्यायचा.

आईने, स्वतः उठवत नसताना, दोन फोन केले: पहिला डॉक्टरांना, दुसरा मला. डॉक्टरांनी बाबांना लगेच बोलावून घेतलं, कारण क्लोरिनचा फुफ्फुसांवरचा परिणाम कधी कधी काही तासांनी वाढतो. ऑक्सिजनचं प्रमाण ठीक होतं. दुपारपर्यंत देखरेखीखाली ठेवून त्यांना घरी पाठवलं. खोकला आणि आवाजाचा घोगरेपणा दोन दिवस राहिला.

अशा घटना विरळ नाहीत. अमेरिकेत जानेवारी ते मार्च 2020 या तीन महिन्यांत क्लीनर आणि जंतुनाशकांच्या संपर्कामुळे विषबाधा केंद्रांना 45,550 फोन आले, आधीच्या वर्षातल्या त्याच काळापेक्षा सुमारे 20 टक्के जास्त. घाबरलेला माणूस बाटल्या एकत्र करतो. हे मी कामावरही पाहिलं आहे आणि त्याबद्दल कुणाला ओरडावंसं मला कधी वाटलेलं नाही.

कोणते पर्याय समोर होते

दुपारी मी त्यांच्या घरी गेले. आजी त्यांच्या खोलीत होत्या आणि ठणठणीत होत्या. सगळा विचार आता त्यांच्याभोवतीच करायचा होता. लघवी वाढवणारी गोळी सुरू असलेल्या 74 वर्षांच्या बाईला दिवसभर उलट्या-जुलाब झाले तर शरीरातलं पाणी झपाट्याने उतरतं आणि मूत्रपिंडांवर ताण येतो.

तपासणीचा अहवाल हातात नव्हता. डॉक्टरांनी मुलीच्या शौचाचा नमुना पाठवला होता, पण निकाल दुसऱ्या दिवशी येणार होता. थांबायचं का? मी नको म्हटलं. अचानक सुरू होणाऱ्या उलट्या, एकापासून दुसऱ्यापर्यंत एक-दोन दिवसांचं अंतर, मुलगा दोन दिवसांत सावरलेला: हे चित्र नोरोव्हायरसचंच होतं. साथ ओळखण्याचे साधारण असेच निकष 1982 सालापासून वापरात आहेत. अंदाज चुकला असता तरी नोरोव्हायरस मारणारं द्रावण कोरोना किंवा फ्लूलाही मारतंच. उलट दिशेने ते खरं नाही. त्यामुळे न थांबण्यात गमावण्यासारखं काही नव्हतं.

वाइप्सच जास्त वेळा वापरायच्या, हा पर्याय लगेच बाद झाला. धुरळणी करणाऱ्यांना बोलवावं, असं बाबांचं म्हणणं होतं. मी विरोध केला. हवेत सोडलेलं रसायन घाणीच्या थराखाली पोचत नाही, प्रत्येक जागा किती वेळ ओली राहिली ते कळत नाही, आणि ज्याच्या घशाला सकाळीच क्लोरिन लागला आहे त्याच्या घरात पुन्हा रसायनाचा धूर करणं मला पटत नव्हतं.

नोरोव्हायरसवर चालतो असा स्पष्ट दावा असलेला हायड्रोजन पेरॉक्साइडचा तयार क्लीनर हा चांगला पर्याय होता. वास कमी, कपड्यांना धोका कमी. पण तो त्या दिवशी मिळाला नाही. वाफ गालिच्यापुरती उपयोगी होती.

उरलं ब्लीच. सकाळच्या प्रकारानंतर घरातल्या कुणालाच ती बाटली डोळ्यांसमोर नको होती. आई म्हणाली, "ताई, परत तेच?" हा प्रश्न मी टाळला नाही. बाबा आणि मुलगी घरात असताना ब्लीच वापरणं धोक्याचं होतं, न वापरणं आजींसाठी धोक्याचं होतं. आम्ही मधला मार्ग काढला: संपूर्ण घराला ब्लीच लावायचं नाही. मोजक्या जागा निवडायच्या, माप काटेकोर ठेवायचं, खिडक्या उघड्या ठेवायच्या, आणि ते काम मी करायचं, आई दारातून पाहील म्हणजे पुढचे दिवस तिला जमेल.

काय केलं

पहिलं काम ब्लीचचं नव्हतंच. एक शौचालय आजींसाठी राखून ठेवलं आणि बाकीच्यांना त्यात जायची बंदी केली. त्याच्याबाहेरचं सॅनिटायझर उचललं आणि दोन्ही बेसिनपाशी साबण ठेवला. वीस सेकंद चोळून धुवायचं, प्रत्येकाचा टॉवेल वेगळा. आजारी माणसांनी, आणि बरं वाटायला लागल्यावर आणखी 48 तास, कुणासाठीही स्वयंपाक करायचा नाही. त्यामुळे स्वयंपाकघर दोन दिवस आजींच्या ताब्यात गेलं आणि त्या त्यावर खूश होत्या. जलसंजीवनीचं द्रावण कुणाला किती द्यायचं हे डॉक्टरांनी लिहून दिलं होतं.

मग बाटली पाहिली. घरातलं ब्लीच अकरा महिन्यांपूर्वीचं होतं आणि उन्हाच्या खिडकीत ठेवलेलं. उष्णता आणि उजेडाने हायपोक्लोराइटची ताकद उतरते. अशा बाटलीवरचा टक्का गृहीत धरून केलेलं माप कागदावरच बरोबर असतं. नवी बाटली आणवली.

तिच्यावर 5 टक्के लिहिलेलं होतं. 5 टक्के म्हणजे 50,000 पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत 50,000 भाग. नोरोव्हायरससाठी सीडीसी या अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेची शिफारस 1,000 ते 5,000 पीपीएमची आहे. म्हणजे साध्या जागांसाठी 20 मि.लि. ब्लीच आणि 980 मि.लि. पाणी, तर उलटीच्या जागेसाठी आणि कमोडसाठी 100 मि.लि. ब्लीच आणि 900 मि.लि. पाणी. बाटलीवरचा टक्का वेगळा असेल तर माप बदलतं: 4 टक्के असेल तर 1,000 पीपीएमसाठी 25 मि.लि. लागेल. औषधाच्या बाटलीसोबत आलेला मापाचा कप घेतला आणि तो यानंतर फक्त याच कामाला ठेवला. पाणी थंड घेतलं. द्रावण 24 तासांनी ओतून द्यायचं ठरलं.

फ्लशच्या कळेपाशी आम्ही बराच वेळ थांबलो. साबणाच्या पाण्याने ती पुसली, कोरडी केली, मग द्रावणात भिजवलेल्या फडक्याने ओली केली आणि घड्याळ लावलं. सूचना किमान पाच मिनिटांची होती, आम्ही दहा धरली. आई दारातून बघत होती. तिसऱ्या मिनिटाला ती म्हणाली, "वाळलं की हे." खरंच, कळेच्या वरच्या कडेला पाण्याचा एकही थेंब नव्हता. खिडकीतून वारा येत होता. वेळ ही पृष्ठभाग ओला असण्याची असते, पुसून झाल्यापासूनची नाही. फडकं पुन्हा फिरवलं, मग आणखी एकदा. तीनदा ओलं केल्यावर दहा मिनिटं भरली. त्यानंतर साध्या पाण्याने पुसून घेतलं. त्या वेळी आईच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला आठवतं: सोमवारपासून घरात पुसलेली एकही जागा अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त ओली राहिली नव्हती.

दाराच्या चौकटीवर खालच्या बाजूला वाळलेले बारीक ठिपके अजून होते. ते साबणाने खरवडून काढले आणि 5,000 पीपीएमने धुतले. गालिच्यावर ब्लीच चालणार नव्हतं. त्याची कड वाफेच्या यंत्राने केली: सुमारे 77 अंश सेल्सियसला पाच मिनिटं किंवा 100 अंशांना एक मिनिट, असं प्रमाण सांगितलं जातं. त्या यंत्राची वाफ गालिच्याच्या आतपर्यंत तेवढी गरम पोचली का, हे सांगायला आमच्याकडे साधन नव्हतं. म्हणून गालिचा गुंडाळून वेगळा ठेवला.

चादरी न झटकता गोळा केल्या, कारण झटकल्या की वाळलेले कण उडतात. यंत्रातल्या सगळ्यात गरम धुलाईत घातल्या. मुलीची प्लॅस्टिकची खेळणी 1,000 पीपीएममध्ये बुडवून नंतर पाण्याने नीट धुतली, कारण ती तोंडात जाणार होती. कापडी ससा गरम धुलाईत गेला. तिला तो संध्याकाळपर्यंत मिळाला नाही आणि तिचं रडणं सगळ्यांना ऐकावं लागलं.

फ्लश करताना झाकण लावा, असंही मी सांगितलं होतं. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात झाकण लावल्याने आसपासच्या पृष्ठभागांवर पडणाऱ्या विषाणूंच्या प्रमाणात फारसा फरक दिसला नाही. झाकण लावायला हरकत नाही, पण त्याच्या भरवशावर बैठक आणि आजूबाजूची फरशी पुसायची सोडू नये.

निकाल

शुक्रवारी सकाळी बाबा आजारी पडले. मला त्याचं आश्चर्य वाटलं नाही. बुधवारी रात्री मुलीची उलटी त्यांच्या खांद्यावर झाली होती आणि लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला 12 ते 48 तास लागतात. त्याच दुपारी नमुन्याचा निकाल आला: नोरोव्हायरस. बाबा रविवारपर्यंत उठून बसले.

आजी आजारी पडल्या नाहीत. घरातले सगळे याचं श्रेय ब्लीचला देतात. मला तसं छातीठोकपणे म्हणता येत नाही. राखीव शौचालय, साबण आणि दुसऱ्यांच्या हातचं अन्न बंद होणं या तिन्हींचा वाटा ब्लीचपेक्षा मोठा असू शकतो. शिवाय काही माणसं जन्मतःच नोरोव्हायरसच्या अनेक प्रकारांना दाद देत नाहीत, त्यांच्या पेशींवर विषाणूला पकडायला लागणारी साखर नसते. युरोपीय वंशाच्या लोकांत असे सुमारे पाचातले एक असतात. आजी त्यांतल्या असतील तर आपल्या मेहनतीचा हिशेबच वेगळा होतो. पण गुरुवारी हे कुणाला माहीत नव्हतं, आणि आजींना तो जुगार खेळायला लावणं योग्य ठरलं नसतं.

नुकसानही झालं. 5,000 पीपीएमचं द्रावण आईने शनिवारी नळाच्या दांडीवर लावलं आणि पाण्याने पुसायचं राहून गेलं. धातूवर तपकिरी ठिपके उठले. बाबांच्या एका गडद शर्टावर पांढरे डाग पडले.

पुन्हा वेळ आली तर

सोमवारच्या रात्रीपासून सुरुवात करते. उलटीवर फवारा मारण्याऐवजी वर जाड टिश्यू पसरून, हातमोजे आणि मास्क घालून, बाहेरून आत गोळा करायला हवं होतं. मग साबणाचं पाणी, मग ब्लीच. दिसणाऱ्या डागाच्या बऱ्याच पुढेपर्यंत, चौकट आणि भिंतीचा खालचा भाग धरून. रात्री बारा वाजता, मूल रडत असताना, हे सुचणं अवघड आहे. म्हणून साहित्य एका डब्यात आधीच भरून ठेवलेलं असावं. त्या रात्री बाबांनी जे केलं ते मीही या क्षेत्रात नसते तर केलं असतं.

मंगळवारी एक फोन झाला असता तर बरंच टळलं असतं. आई नंतर म्हणाली, "पोटच बिघडलंय, त्यासाठी ताईला कशाला त्रास." हा त्रास नसतो. जंतुनाशकाबद्दल कुणाला विचारायचं असतं ही कल्पनाच घरात नव्हती. बाटलीवर लिहिलेलं वाचलं की झालं, असं आपण धरून चालतो, आणि वाचतो ते फक्त पुढच्या बाजूचं.

मुलाच्या शाळेचा निर्णय मात्र वेळेवर योग्य झाला. बुधवारी दुपारी तो हसतखेळत होता आणि गुरुवारी त्याला पाठवावं असं बाबांच्या मनात होतं. आईने हट्टाने नाही म्हटलं. शेवटच्या लक्षणानंतर 48 तास घरी ठेवायचं असतं हे तिला ठाऊक नव्हतं, तिला फक्त तो अजून फिका वाटत होता.

किती दिवस हे चालू ठेवायचं, यावर आमचं एकमत व्हायला वेळ लागला. बरं झाल्यावरही विष्ठेतून विषाणू दोन आठवडे किंवा जास्त काळ बाहेर पडू शकतो. पण दोन आठवडे सगळं घर ब्लीचने पुसणं कुणालाही झेपणार नाही, आणि श्वासाला ते चांगलंही नाही. आम्ही ठरवलं: कड्या, बटणं, नळ शेवटच्या रुग्णाच्या लक्षणांनंतर दोन दिवस. मुलांचं शौचालय आणि मुलीचे डायपर बदलायची जागा पूर्ण दोन आठवडे, रोज एकदा. हातांचा साबण कायम.

आणि माझ्या बाजूने. 2020 मध्ये दिलेला सल्ला मी नंतर कधी सुधारला नाही. पृष्ठभागांवरून कोरोना पसरण्याचा धोका फार कमी आहे, एका स्पर्शामागे दहा हजारांत एकापेक्षाही कमी, असं सीडीसीने एप्रिल 2021 मध्ये सांगितलं. तेव्हा मी या घराला वाइप्स कमी करायला सांगितल्या असत्या आणि त्याच फोनवर नोरोव्हायरसचंही बोलले असते, तर सोमवारच्या रात्री फळीवर वेगळी बाटली असती. आता मी ओळखीच्या प्रत्येक घरी दोनच प्रश्न विचारते: उलटी झाली तर काय वापराल, आणि ते कशाच्या शेजारी ठेवलं आहे?

या घरात ब्लीच आता वरच्या बंद कपाटात असतं. बाटलीवर चिकटपट्टी लावून बाबांनी उघडल्याची तारीख आणि खाली "20 + 980" असं मार्करने लिहिलं आहे. आम्लाचा क्लीनर त्या कपाटात नाही, त्या बाथरूममध्येही नाही. गालिचा अजून गुंडाळलेलाच आहे.